अण्णांच्या सहलीतलं बेट

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका एकच विचारतात, समुद्र कसा असतो. मी म्हणते, "लई मोठा," आणि कामाला लागते. मला चारचौघांत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले तेव्हाही बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असून मी पाटीकडे बघत बसायचे. लिहायला मात्र मला भीती वाटत नाही, कारण लिहिताना समोर कोणी नसतं. म्हणून ज्या बायका गेल्या नाहीत त्यांना जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते. त्या वाचतील की नाही ते माहीत नाही.

आधी सहल कशाची ते सांगायला हवं. मी आमच्या दूध संघाची संचालिका आहे. महिलांच्या राखीव जागेवर आमचे चेअरमन अण्णांनी माझं नाव घातलं, आणि समोर कोणी उभंच राहिलं नाही. सभेत मी सही करते आणि चहा पिते. आमच्याकडे चेअरमनची निवड जवळ आली की ज्याच्याकडे माणसं जास्त, तो आपल्या संचालकांना गाडीत घालून लांब घेऊन जातो, आणि निवडीच्या सकाळी थेट सभेत आणून बसवतो. मधे दुसऱ्या गटाने त्यांना गाठू नये म्हणून. यालाच सहल म्हणतात. कुणी गोव्याला नेतात, कुणी देवाला नेतात. अण्णांनी आम्हाला अंदमानला न्यायचं ठरवलं. आम्ही अकरा संचालक. अण्णा धरून सहाजण त्यांच्या बाजूचे, पाच समोरचे. म्हणजे एक जरी माणूस फुटला तरी अण्णा पडणार.

आणि वर्ष हे असलं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेलेला. गावात टँकर, जनावरं छावणीत. चौसाळ्याच्या अलीकडे हायवेला लागून संघाचं दूध थंड करायचं केंद्र आहे, आणि त्याच्या आवारात एक विहीर आहे. आसपासच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला, पण या विहिरीला पाणी आहे. आमच्या गावची जनावरं तिच्यावर जगली. ही विहीर मागच्या एका दुष्काळात अण्णांनीच खोदून घेतली होती, हेही लिहिलं पाहिजे. खोटं कशाला लिहू. पण आता अण्णा म्हणत होते की केंद्र तोट्यात आहे, ते आवारासकट एका खाजगी डेअरीवाल्याला चालवायला देऊ. आवारासकट म्हणजे विहिरीसकट. पुन्हा चेअरमन झाले की पहिली सही त्याचीच, असं सगळे बोलायचे.

समोरचे विहीर राखू म्हणत होते. तेही घरी येऊन गेले, साडी ठेवून गेले. साडी मी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. विहीर राखणाऱ्याला साडी कशाला द्यावी लागते, हे मला कळलं नाही.

चौसाळा

गाडी येणार तो दिवस दत्ताने सांगितलाच नव्हता. दत्ता अण्णांचा पुतण्या. संचालक नाही, पण सगळं तोच बघतो. सकाळी मी म्हशीला पेंड देत होते, तर दारात गाडी. "ताई, चला. कपडे घ्या, चार दिस लागतील."

मालकांचा गुडघा धरलेला, शिवाय म्हैस गाभण. ते ओट्यावरून म्हणाले, "जा. मी हाय म्हशीपाशी. पर डोकं जाग्यावर ठिव." मी घाईघाईने बाजरीच्या भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

चौसाळ्याला गाडीत शकुंतलाबाई बसल्या होत्या. दुसऱ्या महिला संचालिका त्या. माझ्यापेक्षा वयाने थोर, माळकरी, माहेर उमापूरचं, बोलायला सडेतोड. मागे रामभाऊ, आमच्यातले सगळ्यात वयस्कर संचालक, आणि आणखी दोघे. ते दोघे पत्ते खेळायला बसले ते परत येईपर्यंत खेळतच होते. त्यांच्याविषयी मला जास्त काही सांगता येणार नाही.

गाडी सुटली तसा दत्ता म्हणाला, "फोन द्या सगळ्यांनी इकडं. तिकडं रेंज नसती, उगंच हरवत्यान."

रामभाऊ म्हणाले, "रेंज नसती तर मग तुला कावून पायजेत बे?"

"अण्णांनी सांगितलंय, काका."

अण्णांचं नाव आल्यावर सगळ्यांनी फोन दिले. मीही दिला. शकुंतलाबाईंनी दिला, पण देताना माझ्याकडे बघितलं. तेव्हाच माझ्या मनात आलं, ही बाई माझ्यावर नजर ठेवणार.

बेटावर उतरल्यावर

विमानाचं काही लिहीत नाही. डोळे मिटून बसले होते.

मोठ्या गावातून जहाजाने एका लहान बेटावर नेलं. पाणी किती म्हणावं? नजर जाईल तिकडे पाणी, आणि तेही एका रंगाचं नाही. काठाला काचेसारखं, पुढे मोरपंखी, लांब गेल्यावर शाईसारखं. किनाऱ्याची वाळू पिठासारखी पांढरी. मला आधी तेच खरं वाटेना. मी चिमूटभर वाळू तोंडात घालून बघितली. खारट. समुद्राचं पाणीही हाताने घेऊन चाखलं. इतकं पाणी, आणि एक घोट घशाखाली जात नाही. आमची म्हैस इथे आणली असती तर काठावर उभी राहून तहानेने मेली असती.

सगळ्यात जास्त शंका मला घड्याळाची आली. आपल्याकडे जेव्हा बायका संध्याकाळची धार काढायला बसतात, त्या वेळेला तिथे गडद अंधार. सकाळी डोळा उघडला तर ऊन दारात. मी शकुंतलाबाईंना हळूच म्हटलं, "दत्तानं घड्याळं फिरवली असतील. सभेचा दिवस चुकवायचा आसंल."

"दत्ता घड्याळ फिरवील," त्या म्हणाल्या, "सूर्व्या कसा फिरवील?"

तेही खरंच होतं. पुढे हॉटेलातल्या बाईने सांगितलं की बेट पूर्वेला लांब आहे म्हणून तसं होतं. तरी मी दिवस बोटांवर मोजत राहिले.

हॉटेल म्हणजे झावळ्यांची छपरं असलेल्या खोल्या. मला आणि शकुंतलाबाईंना एक खोली. न्हाणीत नळ सोडला तर धो धो पाणी. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि कामाला लागलो. बादली भरली, टमरेल भरलं, चहाची किटली, काचेचे पेले, कचऱ्याचा डबा धुऊन तोही भरला. बशासुद्धा भरायला घेतल्या तेव्हा शकुंतलाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता, सुमन. बश्यातलं कोण पिणार हाय?"

सकाळी खोली झाडायला बाई आली. तिने खोलीभर भरलेली भांडी बघितली आणि घाबरली, छत गळतंय असं तिला वाटलं. वर बघते, आमच्याकडे बघते. मी हिंदीत सांगितलं, "पानी भरके रख्या. नळ जाता ना." ती हसली नाही. म्हणाली, "हाँ दीदी, जाता है." आणि भांडी तशीच ठेवून गेली. तिचं नाव मालती. बंगाली होती, तिचा आजा इथे जमीन मिळाली म्हणून आला होता, असं तिने नंतर सांगितलं. ती हसली नाही याचंच मला नवल वाटलं.

जेवायला मासे आणि भात. शकुंतलाबाई मासे खात नाहीत, मी खाते पण तिथल्या रश्शात नारळच नारळ. हॉटेलातल्या चपात्या कागदासारख्या, तोंडात घातल्या की दाताला काही कामच नाही. आम्ही आपल्या भाकरी काढल्या. नारळाचं मात्र एक बघवलं नाही. आपल्याकडे नारळ देवापुढे फोडतात आणि प्रत्येकाच्या हातावर बोटाएवढा तुकडा ठेवतात. तिथे रस्त्यावर कोयत्याने टोक उडवतात, नळीने पाणी ओढतात आणि आत कोवळं खोबरं असताना सगळं फेकून देतात. मी फेकलेल्यातलं एक उचललं तर दत्ता म्हणाला, "ताई, नका वो, लोकं बघत्यात." बघू देत. मी खोबरं खरवडून खाल्लं.

सिनेमाचा खडक

दुसऱ्या दिवशी दत्ताने काचेच्या तळाच्या होडीत बसवलं. अंगात केशरी जाकिटं. शकुंतलाबाईंनी पदरावरून जाकीट घातलं आणि पट्टे बांधणाऱ्याला म्हणाल्या, "घट्ट बांध रे बाबा. माळ तुटली तर चालंल, पट्टा तुटू नगं." रामभाऊंनी जाकीट घालून डोळे मिटले ते परतेपर्यंत उघडले नाहीत. खाली काचेतून मासे दिसत. पिवळे पट्टे असलेले, निळे, एक तर नवरीच्या शालूसारखा. दगडांवर फुलं उमलल्यासारखी काहीतरी हलत होती. होडीवाला म्हणाला ते दगड नाहीत, जिवंत आहेत. मी म्हटलं असेल. मला वाटलं, काचेखाली चित्र लावलं असेल तर कुणाला कळणार? म्हणून मी होडीच्या कडेवरून वाकून बघितलं. शकुंतलाबाईंनी माझा पदर मागून धरला. काळजीने धरला की पळून जाईन म्हणून धरला, हे तेव्हा कळलं नाही. तिथून पळून मी कुठे जाणार होते?

पर्यटक तिथे मुखवटा लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथे पडतात आणि मासे बघतात. गोऱ्या बायका, म्हाताऱ्यासुद्धा. कुणी हातवल्ह्याची अरुंद होडी एकटीच हाकत खाडीत शिरते. त्यांना विचारावंसं वाटलं की घरी जनावरं कोण बघतं.

मग होडीवाल्याने एक काळा खडक दाखवला. या बेटांवर जुन्या काळी पुष्कळ सिनेमे निघाले, असं तो म्हणाला. एका जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमात नायिका ज्या खडकावर उभी राहून जहाजाला पदर हलवते, तो हाच. तो सिनेमा मी बघितला होता! लग्नाच्या आधी, जत्रेतल्या तंबूत. जहाज लांब जातं, ती पदर हलवत राहते, आणि तंबूतल्या सगळ्या बायका रडतात.

पण खडक बघितला आणि मला पटेना. "ह्यो न्हाई," मी शकुंतलाबाईंच्या कानात म्हटलं. "सिनेमात खडक डाव्या अंगाला व्हता आन् झाडी उजवीकडं. हितं समदं उलटं हाय. लबाड बोलतोय."

"तू कुठं बसून बघितलावतास?"

"जत्रंत. तंबूत."

"तंबूत कुठं?"

मला आठवलं. पुढच्या बाजूला पुरुष. आम्ही बायकापोरी पडद्याच्या मागे बसायचो. मागून सिनेमा दिसतो, पण उलटा. पडद्यावरची नावंसुद्धा उलटी दिसायची, पण बहुतेकींना वाचता यायचं नाही म्हणून काही फरक पडायचा नाही.

शकुंतलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. सहलीला निघाल्यापासून पहिल्यांदा. होडीवाला खरं बोलत होता. मी इतकी वर्षं तो खडक उलटा धरून बसले होते.

त्या हसण्याने मला त्या बाईविषयी बरं वाटायला लागलं होतं. पण संध्याकाळी मी नुसती किनाऱ्यावर चपला शोधायला गेले तर त्या धापा टाकत मागे आल्या. "कुठं निघालीस?" परत तेच. मी चपला हातात घेतल्या आणि मागे फिरले.

चढावरचा टँकर

तिसऱ्या दिवशी जंगलातून दीपगृहापर्यंत चालत जायचा बेत होता. रामभाऊंना आणि शकुंतलाबाईंना चढ नको होता, दत्ता पुढे गेला. मी मध्येच मागे फिरले. हॉटेलच्या पाठीमागून उतरले तर काय दिसलं? रंगीत प्लास्टिकच्या ड्रमांची रांग. हंडे, कळशा, बाया. मला वाटलं मी आमच्याच गावात आले.

मालती रांगेत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. विचारलं, "इदर भी टँकर?"

"गर्मी में नाला सूख जाता है दीदी. समुंदर है तो क्या, पीने का नहीं न."

तेवढ्यात टँकर आला. बाया उठल्या नाहीत. टँकर त्यांच्यासमोरून गेला आणि चढावर हॉटेलच्या टाकीला जाऊन लागला. मी विचारलं, ये क्या? मालती म्हणाली, आधी हॉटेलची टाकी, मग जे उरेल ते खाली. ती हे भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. आज वार कोणता, तसं सांगितलं. पूर्वी खाली एक कुआँ होता, तो आता हॉटेलच्या कुंपणात गेला, असंही म्हणाली. "बोले थे पानी सबका रहेगा. फाटक लग गया, बस."

मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाया पुष्कळ काही बोलतात, मीही बोलते. म्हणून मी कुंपणाच्या कडेने जाऊन बघितलं. कुआँ होता. लोखंडी जाळी, कुलूप, वर मोटार. आत पाणी चमकत होतं.

मग मला आमच्या खोलीतली बादली आठवली. टमरेल, किटली, पेले, कचऱ्याचा डबा. मी खोलीवर गेले. शकुंतलाबाईंना एवढंच म्हटलं, "बादली उचला." त्यांनी विचारलंसुद्धा नाही कशाला. आम्ही दोघी बादली, डबा, किटली घेऊन मागच्या वाटेने खाली आलो आणि सगळं मालतीच्या ड्रममध्ये ओतलं. किटलीतलं ओतताना बाकीच्या बाया हसायला लागल्या. मालतीही हसली. तिने रांगेच्या कडेच्या झुडपाची एक डहाळी तोडून माझ्या हातात दिली, कारण बोलता बोलता मी मालकांच्या गुडघ्याचं सांगितलं होतं. "गरम करके बाँधना." तीन-तीन पानांची डहाळी. हाताला वास आला तशी मी ओळखली. निरगुडी. आपली निरगुडी, समुद्राच्या काठची. घरी मी रोज तीच उकळते. वाळवून न्यावी म्हणून पिशवीत ठेवली.

बेलभंडारा

त्याच संध्याकाळी अण्णा आले. पांढरं धोतर, टोपी, त्या वाळूत त्यांचे काळे जोडे. आम्ही सगळे पाया पडलो. त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, रामभाऊंना म्हणाले, "काय काका, समुद्र पाजला का दत्त्यानं?" मला म्हणाले, "पोरी, तुझ्या म्हशीला बरं हाय. मी स्वतः बघून आलो." हे ऐकून मला रडू आलं. चार दिवसांत घरचा तो पहिलाच शब्द. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.

सकाळी आंघोळी करून सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं. पाटावर वस्त्र, त्यावर ताटात भंडाऱ्याची हळद आणि बेलाची पानं. आता एकेकाने बेलभंडारा उचलायचा आणि अण्णांनाच मत देईन अशी शपथ घ्यायची. आमच्याकडे कागदावरची सही मोडता येते, बेलभंडारा मोडला तर घर बसतं असं मानतात. मीही मानते.

रामभाऊंनी उचलला. पत्ते खेळणाऱ्या त्या दोघांनी उचलला. मी कशीबशी म्हटलं, "अण्णा, विहीर?"

"विहीर कुठं पळून चाललीय का?" अण्णा हसले. सगळे हसले.

"म्हंजी... पाणी?"

"पाणी समद्यांचंच ऱ्हाईल, पोरी. उचल."

पाणी समद्यांचंच राहील. मी हे आदल्या दिवशीच ऐकलं होतं, दुसऱ्या भाषेत. पण सगळे बघत होते, आणि माझं तोंड परत उघडलं नाही. मी हळद आणि पान उचलून कपाळाला लावलं.

आणि वास आला.

मी काही दाखवलं नाही. माझ्यानंतर शकुंतलाबाईंनी उचललं, कपाळाला नेलं, आणि त्यांचा हात नाकापाशी जरासा थांबला. मग त्यांनी ते खाली ठेवलं. माझं पान मी मुठीतच ठेवलं होतं.

खोलीत येऊन मी पिशवीतली डहाळी काढली आणि मुठीत आणलेलं पान शेजारी धरलं. तेच. तीन पानं, खालून पांढुरकं, तोच वास. बेलाचं पान कसं असतं हे मला कुणी शिकवायला नको, श्रावणात आम्ही परडीने आणतो. एवढ्यात दार वाजलं. शकुंतलाबाई. मी पान लपवायला गेले.

"लपवू नगं," त्यांनी कडी लावली. "मला म्हाईत हाय. दत्त्यानं घरून बेल आणलाता पिशवीत. सडून काळा झाला, सकाळी फेकताना मी बघितला. कुठनं तरी तीन पानं दिसली, ती तोडून मांडली. अण्णांचा चष्मा गाडीत ऱ्हायला, त्यान्ला काय दिसतंय?"

ही बाई मला बोलतं करून अण्णांना सांगेल, असं मनात आलं.

त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "तुला बी सांगितलं व्हतं का गं? माझ्यावर नजर ठिव म्हणून?"

"न्हाई वो," मी म्हटलं. मग खरं सांगितलं. "दत्ता म्हणला, शकुंतलाबाईला सांभाळा, त्यान्ला चक्कर येती, एकटं सोडू नका."

"मला म्हणला, सुमनताई बुजरी हाय, एकटी गेली तर हरवंल."

त्या खाटेवर बसल्या. "मला जलमात कधी चक्कर आली न्हाई."

आम्ही हसलो नाही. मला फार राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. मग मी हळूच विचारलं, "भंडारा तर खरा व्हता. बेल खोटा. मग शपथ लागू होती का?"

शकुंतलाबाई माळकरी. त्यांनी खरोखर विचार केला. माळ बोटांत फिरवत बसल्या. "बेल दिसला की देव ध्यान देतो," त्या म्हणाल्या. "निरगुडी बघून त्याला वाटलं आसंल, कुणाचं तरी गुडघं दुखतंय."

सभा

परतीचा प्रवास सोडून देते. गाडी थेट संघाच्या दारात थांबली. मी म्हैस बघितली नव्हती, मालकांना बघितलं नव्हतं, अंगावर समुद्राची वाळू तशीच. हॉलच्या खिडकीतून केंद्राचं आवार दिसतं. विहिरीपाशी जनावरं होती. एक बाई वाकून बादली ओढत होती. कुणाची ते लांबून ओळखू आलं नाही.

वाटेत शकुंतलाबाईंनी आणि मी काहीही ठरवलं नव्हतं. दत्ता मधल्या सीटवर होता. त्या काय करणार हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी काय करणार हेही माहीत नव्हतं. मिठाला जागावं की विहिरीला? अण्णांच्याच खर्चाने विमानात बसून आले होते. आणि म्हैस स्वतः बघून आलो म्हणाले होते.

अधिकारी म्हणाले, अण्णांच्या बाजूने हात वर करा. अण्णांचा, त्या दोघांचा हात वर गेला. माझा हात मांडीवर होता, तो मला उचलेना. शकुंतलाबाईंचा हातही माळेवर होता. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, रामभाऊ डोळे मिटून बसले होते, होडीत बसले होते तसे. त्यांचाही हात खाली.

समोरच्या बाजूचेसुद्धा एकमेकांकडे बघायला लागले, त्यांना एकाचीच आशा होती.

अण्णा ओरडले नाहीत. मला वाटतं त्यांनी ओरडायला हवं होतं. ते माझ्याकडे वळले आणि घरातल्या पोरीला विचारावं तसं म्हणाले, "सुमन, बेलभंडारा उचललावतास तू."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाटीकडे बघितलं नाही. तिथे पाटी नव्हतीच.

"अण्णा," मी म्हटलं, "तो बेल न्हवता."

अण्णांनी दत्ताकडे बघितलं. दत्ताने खाली बघितलं. रामभाऊ डोळे न उघडता म्हणाले, "निरगुडी व्हती, अण्णा. मला वाटलं फकस्त मलाच वास आला."

त्यानंतर कोण निवडून आलं ते सगळ्यांना माहीत आहे. विहीर अजून उघडी आहे. नवे चेअरमन परवा भेटले, म्हणाले, ताई, यंदा महिला संचालकांचा अभ्यास दौरा काढू, चांगल्या ठिकाणी. मी विचारलं, कशासाठी. ते म्हणाले, सहजच.

सहजच. मी आता रोज दूध घालायला जाते तेव्हा आधी विहिरीकडे वळते. कुंपण कुठे आलंय का, फाटक कुठे बसतंय का, ते बघते. मग दूध घालते.